वरच्या चाकावरचा ठिपका

“वहिनी, चहा टाका जरा. साखर कमी.”

शिरीषरावांचं डोकं तात्यांच्या गाडीच्या बॉनेटखाली होतं, त्यामुळे आवाज पिंपातून आल्यासारखा आला. मी चहाचं विचारलंच नव्हतं. मी विचारलं होतं, “पट्टा काढायच्या आधी खालचं चाक अडवून ठेवलंय ना?” त्याला हे उत्तर मिळालं. मी आत गेले, चहा टाकला आणि साखर मुद्दाम दोन चमचे जास्त घातली. त्यांनी तो मिटक्या मारत प्यायला आणि म्हणाले, “परफेक्ट. कमी साखरेच्या चहाची मजाच वेगळी.” तेव्हाच मला कळलं, की या माणसाच्या हातून तो पट्टा काही धड बसायचा नाही.

शिरीषराव म्हणजे माझ्या नणंदेचे, मृणालताईंचे यजमान. आमच्या घरचे एकुलते एक जावई. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. तिथे नेमकं काय करायचे ते त्यांनी मला तीनदा समजावून सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा ते वेगळं होतं. दर दसऱ्याला दोघं विट्याला यायची आणि दर दसऱ्याला शिरीषराव घरातलं काहीतरी दुरुस्त करायचे. आदल्या वर्षी त्यांनी गच्चीवरच्या टाकीचा बॉल बदलला होता. त्यानंतर चार दिवस आमच्या भिंतीवरून पाणी वाहत होतं आणि सासूबाई शेजारच्यांना सांगत होत्या, “जावयांनी किती मनापासून केलं हो.” त्याच्या आदल्या वर्षी मिक्सर. तो मिक्सर अजून आहे. माळ्यावर आहे.

आता माझं सांगते. मी मिरजेला ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला होता. वर्गात एकेचाळीस मुलगे आणि मी. पुढे दोन वर्षं सांगलीत एका वर्कशॉपमध्ये काम केलं. टेबलावर बसून पावत्या फाडायचं काम नव्हे. गाडीखाली झोपून, कोपरापर्यंत काळी होऊन केलेलं काम. असले पट्टे मी तिथे अकरा बदलले होते. मग लग्न झालं, विट्याला आले, आणि सर्टिफिकेट कपाटात साड्यांच्या खाली गेलं. कुणी मला कधी नोकरी करू नकोस म्हटलं नाही. हेही खरं, की कर असंही कुणी म्हटलं नाही. मला काही येतं ही गोष्टच हळूहळू सगळे विसरून गेले.

एक तात्या सोडून. माझे सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. गाडी ते बावन्नाव्या वर्षी शिकले आणि मग त्यांनी तिच्यावर जीव लावला. पांढरी डिझेल गाडी होती, तेरा वर्षांची. कधी तिचा आवाज बदलला, की ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन हळूच म्हणायचे, “वृंदा, जरा बाहेर येतीस का? काय तरी चिरकतंय बघ.” मी कणकेच्या हातांनीच जाऊन ऐकायची आणि सांगायची, “तात्या, पंख्याचा पट्टा सैल झालाय.” मग ते इकबाल मिस्त्रीकडे जाऊन ऐटीत सांगायचे, “पंख्याचा पट्टा आवळ. आमच्या सूनबाईंनी सांगितलंय.” मिस्त्री आवळायचा आणि आवाज जायचा.

दर मंगळवारी तात्या गाडी काढून एकटेच आटपाडीला जायचे. तिथे त्यांची थोरली बहीण होती, आक्का. ऐंशीच्या पुढची, अंथरुणाला खिळलेली, कानांनी जवळजवळ ठार बहिरी. तात्या तिच्या उशाशी बसून तिला मोठ्यांदा पेपर वाचून दाखवायचे, डबा खायचे आणि पाचच्या सुमाराला घरी यायचे. त्यांच्या आठवड्यात एवढा एकच दिवस होता. बाकीचे सहा त्या दिवसाची वाट बघण्यात जायचे.

पण त्या वर्षी तात्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि घरात एकच विषय चालू होता. माझा नवरा सुहास म्हणायचा, आता गाडी पुरे. मृणालताई फोनवरून तेच म्हणायच्या. सप्तमीला पाहुणे आले, चहा झाला आणि विषय निघालाच.

सुहास म्हणाला, “इकबालनं टायमिंगचा पट्टा बदलायला सांगितलाय. इंजिन उघडायचं म्हणजे मोठं काम. त्यापेक्षा आता विकूनच टाकूया.”

नवा पट्टा तात्यांनी स्वतः सांगलीहून आणून ठेवला होता. मिस्त्रीनं दसऱ्यानंतरचा दिवसही दिला होता.

“विकायची कशाला?” शिरीषराव पुढे सरसावले. “पट्टा मी बदलतो. घरच्या घरी. मी पूर्ण व्हिडिओ बघितलाय त्याचा. दसऱ्याला गाडी सुरू झाली तर तात्यांनी खुशाल चालवावी. नाही झाली तर विषय संपला. काय, सुहास?”

“मग मला मान्य आहे,” सुहास म्हणाला.

मृणालताईंनीही मान डोलावली. अशा रीतीनं माझ्या सासऱ्यांचे मंगळवार शिरीषरावांच्या हातात गेले. तात्यांना कुणी विचारलं नाही. आणि जावयाला नको म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही.

थोड्या वेळानं तात्या स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

“वृंदा, ह्यास्नी जमंल का गं?”

“जमेल की, तात्या,” मी म्हटलं. “व्हिडिओ बघितलाय त्यांनी.”

तात्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. “तू नजर ठेव म्हंजे झालं,” ते म्हणाले.

“ठेवते.”

अष्टमीला सकाळी काम सुरू झालं. शिरीषरावांनी पुण्याहून हत्यारांची नवीकोरी पेटी आणली होती. एकेक पान्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद, आणि त्या पिशव्या फोडायलाच अर्धा तास गेला. अंगात पांढरा टी-शर्ट. इंजिन उघडताना पांढरा टी-शर्ट घालणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता. पोर्चमध्ये खुर्ची मांडली, खुर्चीवर लॅपटॉप, लॅपटॉपवर तो व्हिडिओ. आमच्याकडच्या नेटवर तो दर दोन मिनिटांनी अडकायचा आणि पडद्यावर चक्र फिरत राहायचं. मग शिरीषराव कमरेवर हात ठेवून आमच्या गावाला नावं ठेवायचे.

त्या पट्ट्याचं काम समजायला अवघड नाही. इंजिनाला वर एक चाक असतं आणि खाली एक. दातेरी पट्टा दोघांना बांधून ठेवतो. खालच्या चाकानं पिस्टन वर-खाली होतात आणि वरच्या चाकानं व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात. दोघांचा ताल जुळला असेल तर एक आत येतो तेव्हा दुसरा बाजूला झालेला असतो. दोन-तीन दात चुकले, की पिस्टन येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन कामातून जातं. म्हणून जुना पट्टा काढायच्या आधी दोन्ही चाकांवर खुणा करतात आणि नवा पट्टा त्या खुणा जुळवून बसवतात. सगळं काम त्या खुणांचं आहे. बाकी नट-बोल्ट कुणीही फिरवील.

शिरीषरावांनी खुणा केल्या त्या मृणालताईंच्या लाल नेलपॉलिशनं. वरच्या चाकावर, बाजूला इंजिनावर असलेल्या रेघेसमोर, एक ठिपका, खालच्यावर एक. मी चहाचा रिकामा कप न्यायला आले होते.

“आधी तेल पुसून घ्या,” मी म्हटलं. “तेलकट लोखंडावर ते टिकायचं नाही. आणि खाली कंपनीच्या खुणा असतील. डिझेलनं पुसलं तर दिसतील.”

“वहिनी, हे वॉटरप्रूफ असतं,” शिरीषराव म्हणाले आणि मृणालताईंकडे बघून हसले. पाणी आणि तेल यांतला फरक त्यांच्या कंपनीत शिकवत नसावेत.

मग त्यांनी पट्टा काढला. वरचं चाक टक्कन आवाज करून थोडं फिरलं. शिरीषराव दोन पावलं मागे उडाले. “नॉर्मल आहे,” ते सगळ्यांना म्हणाले. नवा पट्टा त्यांनी हातात घेतला, पण तोवर व्हिडिओ पुन्हा अडकला आणि जेवणाची हाकही आली. उरलेलं दसऱ्याला करू असं ठरलं, कारण मधल्या दिवशी खंडेनवमी होती.

त्या दुपारी मी सुहासला म्हटलं, “त्यांना सांग, त्या खुणा राहायच्या नाहीत. मला अर्धा तास दिला तर मी नीट करून देते.”

सुहास आडवा पडला होता. डोळे न उघडता म्हणाला, “जावई आहेत ते. वर्षातून दोन दिवस येतात. तू मधे पडलीस तर आईला वाईट वाटेल.” आणि मग कूस बदलताना, अगदी सहज, “आणि तुला तरी आता ते सगळं कुठं आठवतंय?”

मी त्याच्याशी भांडले नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. ते वाक्य मी गिळलं आणि ते आत जाऊन बसलं.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या सगळ्या लोखंडाची पूजा होते. विळी, कोयता, शिलाई मशिन, तात्यांचं खुरपं आणि त्या वर्षी शिरीषरावांची नवी पेटी. पाट मांडून सासूबाईंनी सगळं ओळीनं ठेवलं, झेंडू वाहिला आणि मला म्हणाल्या, “वृंदा, गाडीलाही लाव गं. इंजिनालाही लाव, उघडंच पडलंय बिचारं.”

मी कुंकू पाण्यात कालवलं आणि वाटी घेऊन पोर्चमध्ये गेले. इंजिनावर फडकं टाकलेलं होतं. ते उचललं तर त्याला लाल पापुद्रा चिकटून आला, शेंगदाण्याच्या सालाएवढा. वरच्या चाकावरचं नेलपॉलिश. वॉटरप्रूफ. मला हसू आलं. अनामिकेनं मी बॅटरीला कुंकू लावलं, खालच्या भागाला लावलं, आणि वरच्या चाकाला, जिथे बोट पोचलं तिथे, एक ठिपका लावला. तो लावताना माझ्या मनात काही नव्हतं. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पुढचं मात्र तसं सांगता येत नाही.

पूजा केलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही आणि पूजेचं कुंकू पुसायचं नाही, हे सासूबाईंनी शिरीषरावांना बजावलं. शिरीषरावांची काही तक्रार नव्हती. ते दिवसभर पत्ते खेळले आणि इंजिन कसं काम करतं ते तात्यांना समजावत राहिले. तात्या ‘हो का’ म्हणत राहिले.

दसऱ्याला सकाळी आठला शिरीषराव पुन्हा बॉनेटमध्ये शिरले. स्वयंपाकघराची खिडकी पोर्चवरच उघडते. मी श्रीखंडाचं आवरून पुऱ्यांची कणीक मळत होते. साडेनऊच्या सुमाराला त्यांचा आवाज आला.

“अरे वा. मृणाल, बघ. खूण जिथल्या तिथे आहे. जरासं फिरवलं की झालं.”

मी खिडकीतून बघितलं. ते वरच्या चाकावर बोट ठेवून उभे होते. बोटाखाली माझं कुंकू होतं.

वाळलेलं कुंकू आणि नेलपॉलिश यांत फरक असतो. रंगात असतो आणि चकाकीत तर डोळ्यांत भरेल एवढा असतो. पण ज्याला खूण हवी आहे त्याला ठिपका दिसतो. त्यांनी चाक थोडं फिरवून तो ठिपका बाजूच्या रेघेशी आणला आणि पट्टा चढवायला घेतला. तीन दातांचा फरक होता. मला खिडकीतून मोजता आला.

मी तशीच कणकेच्या हातांनी दारात आले.

“शिरीषराव, ती खूण—”

“वहिनी, आता मधे बोलू नका. दात मोजतोय.” त्यांनी मान वर केली नाही. “चहा मात्र चालेल.”

मृणालताई हसल्या. सासूबाईही हसल्या. सुहास झेंडूचं तोरण बांधत होता, तोही हसला. त्यात वाईट काही नव्हतं, घरातलं हसणं होतं. पण मला इतका राग आला, की हातातली कणीक त्यांच्या त्या पांढऱ्या टी-शर्टवर मारावीशी वाटली. मी तोंड मिटलं आणि आत गेले.

मनात म्हटलं, ठीक आहे. होऊ दे.

मी काही दुष्ट नाही. मी हिशेब केला होता. पट्टा चढवला, की इंजिन सुरू करायच्या आधी खालचं चाक पान्ह्यानं हातानं दोन वेळा पूर्ण फिरवून बघतात. चार दिवस वर्कशॉपमध्ये काढलेला पोरगाही ते करतो. चुकलं असेल तर चाक मधेच अडतं. हाताच्या जोरानं काही मोडत नाही. शिरीषराव फिरवतील, ते अडेल, दुसऱ्यांदा फिरवतील, पुन्हा अडेल. व्हिडिओ लावतील, चक्र फिरत राहील. मग त्यांना म्हणावं लागेल, “वहिनी, जरा बघता का?” सगळ्यांसमोर. सुहाससमोर. मी पदर खोचून जाणार, फडक्यानं तेल पुसणार, खालची कंपनीची खूण दाखवणार, आणि म्हणणार, “हे माझं कुंकू आहे, शिरीषराव. कालच्या पूजेचं.” ते वाक्य मी पुऱ्या लाटता लाटता दहा-बारा वेळा म्हणून बघितलं. कुठे थांबायचं तेही ठरवलं. त्या दिवशीच्या पुऱ्या इतक्या टम्म फुगल्या, की सासूबाईंनी जेवताना मुद्दाम विषय काढला असता. जेवताना कुणी बोललंच नाही, ते सोडा.

तळण आटोपलं आणि सासूबाईंनी माझ्या हातात निरांजनाचं ताट दिलं. “चल, मुहूर्त टळायला नको.”

बाहेर आले तर इंजिनावरचं झाकण बसवून झालं होतं. बॉनेटला झेंडूचा हार होता. शिरीषराव हात पुसत होते.

“फिरवून बघितलं का?” मी विचारलं. पण मी ते इतकं हळू विचारलं, की ते खरं तर विचारणं नव्हतं.

“व्हिडिओची शेवटची पाच मिनिटं दिसलीच नाहीत,” ते मृणालताईंना सांगत होते. “पण शेवटी काय, नुसता समारोप असतो.”

म्हणजे फिरवलं नव्हतं. नारळ फुटला. पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली गेली. “तात्या, मान तुमचा,” शिरीषराव किल्ली पुढे करून म्हणाले. तात्यांनी नवा शर्ट घातला होता. आटपाडीला न्यायची आपट्याची पानं त्यांनी मागच्या सीटवर आधीच ठेवली होती, ओल्या रुमालात गुंडाळून. दसरा नेमका गुरुवारी आला होता, पण सोनं द्यायला जायचं म्हणून त्यांनी डबाही सांगून ठेवला होता.

दोन मिनिटं होती. दार उघडून तात्या आत बसेपर्यंत, सीट पुढे-मागे करेपर्यंत, आरसा नीट करेपर्यंत, चांगली दोन मिनिटं होती. ‘थांबा’ म्हणायला तेवढा वेळ लागत नाही. पण आता तो अपमान शिरीषरावांचा झाला नसता. ऐन मुहूर्ताला सूनबाईंनी खो घातला, असं झालं असतं. आणि माझं ते वाक्य, इतकं घोटलेलं, वाया गेलं असतं. मी मनाशी म्हटलं, कुणास ठाऊक, मी पुऱ्या तळत असताना फिरवलंही असेल. मला माहीत होतं की फिरवलेलं नाही.

किल्ली लावून तात्यांनी मान वर केली. समोरच्या काचेतून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ताटात बघितलं आणि निरांजनाची वात सरळ केली.

कट्. कट्कट्. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, मोठा नाही, पण व्हॉल्व्ह वाकल्याचा.

“पुन्हा, तात्या,” शिरीषराव ओरडले. “जरा जास्त वेळ धरा.”

तात्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. आता आवाज नव्हता. इंजिन नुसतंच मोकळं फिरत होतं, आत अडवायला काही उरलं नसल्यासारखं. मग तेही थांबलं.

मग शिरीषराव खिडकीशी वाकले. “तात्या, पाय कुठे होता तुमचा? अ‍ॅक्सिलरेटर दाबला होता का?”

अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यानं पट्ट्याचे दात चुकत नाहीत. हे त्या पोर्चमध्ये एका माणसाला नक्की माहीत होतं, आणि त्या माणसाच्या हातात आरतीचं ताट होतं.

तात्यांनी पायांकडे बघितलं. “दाबला असंल,” ते म्हणाले. “थोडा.”

“झालं,” सुहास म्हणाला. “म्हणूनच मी म्हणत होतो.”

“वयानं होतं असं,” शिरीषराव समजूतदारपणे म्हणाले. “रिफ्लेक्सेस स्लो होतात. त्यांचा दोष नाही.”

तात्या खाली उतरले. मागचं दार उघडून आपट्याच्या पानांचा रुमाल काढून घेतला आणि घरात गेले. मी ताट खाली ठेवलं. ओवाळायचं राहूनच गेलं.

दोन दिवसांनी इकबाल मिस्त्री आला. झाकण काढून त्यानं आत बघितलं आणि विचारलं, “पट्टा कुणी बसवला?” पाहुणे पुण्याला गेले होते. तात्या म्हणाले, “त्याचं काय न्हाई रे. माझाच पाय पडला जोरात.” मिस्त्रीनं तात्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी बॉनेटवरचा वाळलेला हार काढायला लागले. आठवड्याभरात टेम्पो आला आणि गाडी ओढून घेऊन गेला.

पुढे काही मंगळवार तात्या एसटीनं गेले. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा फोन सुरू केला. आक्कांना ऐकू येत नव्हतं. तात्या पडवीत उभे राहून “मी बोलतोय, मी बोलतोय” असं ओरडायचे आणि शेवटी फोन ठेवून द्यायचे. मग तेही बंद झालं. त्या माघात आक्का गेल्या. शिरीषराव मात्र ठणठणीत होते. पुढच्या दसऱ्याला त्यांनी आमच्या दारावरची घंटा दुरुस्त केली.

मी गॅरेज काढलं ते त्यानंतर तीन वर्षांनी, खानापूर रस्त्याला. घरात ते तात्यांनी जाहीर केलं, जेवताना, “वृंदा गॅरेज काढतीय” एवढंच. आणि वर म्हणाले, “कुणी काय बोलायचं न्हाई.” कुणी बोललं नाही. तेव्हापासून दर मंगळवारी ते माझ्या गॅरेजमध्ये येऊन खुर्चीवर बसायचे आणि पेपर वाचायचे. हातानं दोन वेळा फिरवल्याशिवाय माझ्याकडे एकही इंजिन सुरू होत नाही. ते मी स्वतः फिरवते, दुसऱ्या कुणाला फिरवू देत नाही. गिऱ्हाइकांना वाटतं, बाई फार काटेकोर आहे.

त्या दसऱ्याला सहा वर्षं झाली आणि खंडेनवमी मंगळवारी आली. मी पाट मांडून हत्यारांना कुंकू लावत होते. रॅम्पवर एक गाडी बॉनेट उघडून उभी होती.

“इंजिनाला लावत न्हाईस तू कधी,” तात्या पेपरवरून बघत म्हणाले. “मी दर वर्षी बघतोय.”

मी वाटी खाली ठेवली. सहा वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं आणि सांगायचं ठरवलंही नव्हतं. पण त्यांनी विचारलं तेव्हा मला दुसरं उत्तर सुचेना. नेलपॉलिशचा पापुद्रा, माझा ठिपका, खिडकीतून मोजलेले तीन दात, सगळं सांगितलं. ते घोटलेलं वाक्यही सांगितलं. “तुमचा पाय नव्हता, तात्या,” मी म्हटलं. “मला माहीत होतं. मी बोलले नाही.”

तात्यांनी पेपरची घडी घातली.

“पाय ब्रेकवर होता माझा,” ते म्हणाले. “ते मलाबी ठाऊक होतं.”

“मग तुम्ही तसं का म्हणालात?”

“जावई हाय. सणाच्या दिवशी त्याला कशाला तोंडघशी पाडायचं?” घडी घातलेला पेपर त्यांनी मांडीवर ठेवला. “किल्ली फिरवायच्या आधी मी तुझ्याकडं बघितलं होतं. काचेतनं.”

“हो.”

“तू ताटात बघत होतीस.”

“हो, तात्या.”

“म्हटलं, हिनं नजर ठेवलीय. काय चुकलं असतं तर बोलली असती.” ते माझ्यावर रागावले असते तर मला चाललं असतं. पण ते मला नीट समजावून सांगत होते. “म्हणून फिरवली. न्हाईतर त्या शिरीषच्या भरवशावर किल्ली फिरवायला मी काय खुळा हाय व्हय?”

एवढं बोलून त्यांनी पेपर पुन्हा उघडला आणि मंगळवार असल्यामुळे पाच वाजेपर्यंत तिथेच बसून राहिले.